अँटेना आणि टाकीची शिडी

आमच्या भागात टीव्हीची छत्री बसवणाऱ्या माणसाला सगळे अँटेना म्हणतात. सहा फूट उंची, अंगावर मांस नावाला नाही, आणि चालताना दोन्ही हात शरीरापासून वीतभर लांब. हे नाव कुणी ठेवलं असं विचारायची वेळ कुणावर येत नाही. त्यांनाही राग नाही. फोन केला की स्वतःच म्हणतात, "बोला, अँटेना बोलतोय." वय अठ्ठावन्न. मी त्यांना अँटेनाभाऊ म्हणते. माझ्या सासूबाई नुसतं अँटेना म्हणतात आणि अरे-तुरे करतात, कारण त्यांच्या हिशेबाने साठीच्या आतली सगळी माणसं पोरंच.

गेल्या महिन्यात ते आमच्या घरी दुरुस्तीला तीन वेळा आले. पहिल्या दोन वेळांचं मी रोजच्या वहीत दोन-दोन ओळींत उरकलं आहे. तिसऱ्या वेळचं तेवढ्यात मावलं नाही, म्हणून हे वेगळं लिहिते आहे.

आम्ही भाड्याने राहतो. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. वर तिसऱ्या मजल्यावर घरमालकीणबाई एकट्या राहतात, त्यांच्या डोक्यावर गच्ची, गच्चीत पाण्याची टाकी, आणि टाकीच्या माथ्यावर आमची छत्री. आमच्या आधीच्या भाडेकरूंनी ती अकरा वर्षांपूर्वी बसवून घेतली. बसवली अर्थात अँटेनाभाऊंनीच. टाकीवरच का, तर मालकीणबाईंची अट. "भिंतीला भोक पाडायचं नाही, कठड्याला पाडायचं नाही, खिडकीखाली तर नावच काढायचं नाही." मग टाकीवर सिमेंटचा ठोकळा ठेवून त्यात दांडा उभा केला आणि दांड्याला छत्री लावली. टाकीवर जायला बारा पायऱ्यांची लोखंडी शिडी आहे, भिंतीला सरळसोट ठोकलेली. गच्चीला कुलूप. किल्ली मालकीणबाईंच्या कमरेला. भाडेकरूंनी कपडे खिडकीत वाळवायचे आणि आकाश रस्त्यावरून बघायचं.

सासूबाईंचं कमरेचं हाड मोडलं तेव्हापासून त्यांचं बाहेर पडणं संपलं. सकाळी साडेआठला टीव्हीवर तासाभराचं प्रवचन असतं, तेच आता त्यांचं देवाच्या दारात जाणं. अंघोळ उरकून, केस विंचरून, धुतलेलं पातळ नेसून त्या सव्वाआठलाच खुर्चीत बसतात. कुणी म्हणेल, टीव्हीसमोर एवढा थाट कशाला? पण त्यांना टीव्हीतला माणूस दिसतो, म्हणजे टीव्हीतल्या माणसालाही त्या दिसत असणार, असं त्यांचं पक्कं मत आहे.

आणि नेमकं त्याच वेळेला चित्र जायला लागलं. प्रवचनकार हात उचलून काही सांगायला लागले की हात तिथेच थिजायचा, तोंड उघडं राहायचं, आणि मग निळ्या पडद्यावर पाटी यायची की सिग्नल उपलब्ध नाही. साडेनऊच्या पुढेमागे आपोआप परत. दिवसभर लख्ख.

"देवाचं सुरू झालं की बंद आणि साबणाचं सुरू झालं की चालू," सासूबाई म्हणाल्या. "हा डबा नास्तिक आहे."

आपल्याला जमतं तेवढं मी सगळं केलं. सेट टॉप बॉक्सचा डबा बंद करून चालू केला. प्लग काढून दहा मिनिटं थांबले. मागची वायर फिरवून घट्ट केली. कार्ड काढून पदराने पुसून परत घातलं. सासूबाईंनी डब्याला वरून एक थापट मारली. शेवटी कंपनीच्या नंबरवर तक्रार नोंदवली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला अँटेनाभाऊ आले. निळा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खांद्याला पिशवी.

त्यांची एक पद्धत आहे. आल्या आल्या रिमोटला हात लावत नाहीत. आधी पाणी मागतात, मग टीव्हीसमोर बसून पाच मिनिटं नुसते बघतात, जसे डॉक्टर नाडी धरून गप्प बसतात तसे. मग त्यांनी पडद्यावर दोन आडव्या पट्ट्या उघडल्या.

"बघा वहिनी, वरची पट्टी म्हणजे आवाज पोचतोय का, आणि खालची म्हणजे बोलणं कळतंय का. माणसांचं पण असंच आहे. ऐकू सगळ्यांना येतं, कळतं थोड्यांना."

"हे मला आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही हो मावशी. तुमच्या दोन्ही पट्ट्या फुल आहेत."

टीव्हीच्याही दोन्ही पट्ट्या फुल होत्या. तरी त्यांनी डब्यामागची वायर काढली, काळं पडलेलं टोक कापलं, तिथे जोडणीचं नवं तोंड बसवलं. मालकीणबाईंकडून किल्ली घेऊन गच्चीवर गेले आणि वीस मिनिटांनी खाली आले. "वर सगळं ठीक आहे," म्हणाले. कंपनीला छत्रीचा फोटो पाठवावा लागतो, तो पाठवला आणि गेले.

दुसऱ्या दिवशी आठ पस्तीसला प्रवचनकारांचा हात पुन्हा हवेत थिजला.

दुसऱ्या फेरीत त्यांनी आमचं कपाट पुढे ओढलं. कपाटाच्या पायाखाली वायर चेपली होती, तो तुकडा बदलला. डबाही बदलून दिला. पुन्हा किल्ली, पुन्हा वीस मिनिटं, पुन्हा फोटो. जाताना मात्र दारात घुटमळले.

"वहिनी, एक सांगू? परत बिघडलं तर कंपनीत नोंदवू नका. मला थेट फोन करा. एका महिन्यात एकाच पत्त्यावर तिसरी तक्रार आली की वरून चौकशी लागते. माझ्या नावावर या वर्षी तसे दोन पत्ते झालेत. तिसरा झाला की हे ओळखपत्र काढून घेतात."

मी बरं म्हटलं. त्यांच्याबद्दल मला वाईट वाटलं, पण त्याहून जास्त नवल वाटलं. ज्या माणसाबद्दल लोक म्हणायचे की हा नुसता जिन्यात आला तरी टीव्ही घाबरून चालू होतो, त्याच्या नावावर दोन-दोन पत्ते?

नऊ दिवसांनी मी बाजारातून आले तर सासूबाई फोन मांडीवर ठेवून विजयी चेहऱ्याने बसल्या होत्या.

"नोंदवली तक्रार. एक दाबा, चार दाबा, सगळं दाबलं."

"अहो आई! मी सांगितलं होतं ना, अँटेनाभाऊंना थेट फोन करायचा!"

"तुझ्या थेट फोनची वाट बघण्यात काल पण प्रवचन गेलं. मला काय हात नाहीत?"

आता बोलून उपयोग नव्हता. फोनवर निरोप आलाच होता की तंत्रज्ञ उद्या येईल, आणि काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीतून विचारणा होईल, कृपया खरी उत्तरं द्यावीत.

दुसऱ्या दिवशी तीनला अँटेनाभाऊ आले ते पाणी न मागताच बसले. कपाळाला घाम. सासूबाईंवर रागावले नाहीत, फक्त म्हणाले, "मावशी, तुम्ही माझ्या नावाची पाटी पुसलीत."

"तू पहिल्यांदा नीट केलं असतंस तर मी कशाला पुसली असती? तू आलास की टीव्ही चालतो आणि गेलास की जातो. त्यापेक्षा इथेच राहायला ये."

मी वही काढून बसले, कारण त्यांनी विचारलं की कोणत्या दिवशी जातं, किती वाजता जातं. माझ्या वहीत रोजचं असतंच. वाचून दाखवलं. सोमवारी आठ तेहतीस. मंगळवारी गेलं नाही. बुधवारी आठ पस्तीस. असं करत पुढच्या मंगळवारी पुन्हा गेलं नाही.

"मंगळवार," ते पुटपुटले. "उपग्रहाला कसला आलाय मंगळवार?"

तेवढ्यात मालकीणबाई स्वतः खाली आल्या. वय सहासष्ट, चण चिमणीएवढी, आवाज मात्र पिंपावर काठी मारल्यासारखा. किल्ली हातातच होती.

"हे घ्या. आणि एकदाच काय ते करा. आठ-दहा दिवस झाले नाहीत की आला किल्ली मागायला! मी काय गच्चीची राखणदार आहे?"

"आहातच की," सासूबाई म्हणाल्या.

मालकीणबाईंनी तिकडे लक्ष दिलं नाही. त्या अँटेनाभाऊंकडे वळल्या. "आणि मला एक सांगा, वर जाऊन तुम्ही करता काय? माझ्या बिछान्याच्या बरोबर वर ती शिडी आहे. कुणी चढलं की खणखण वाजते. तुमच्या वेळेला कधी वाजली नाही. तुम्ही काय तिथे उभे राहून ढग मोजता?"

अँटेनाभाऊंचा चेहरा पडला. पण सावरून ते म्हणाले, "असं कसं म्हणता? हा बघा फोटो. मागच्या वेळेचा. टाकीवर चढल्याशिवाय हा निघेल का?" आणि त्यांनी फोन पुढे केला.

मालकीणबाईंनी चष्मा लावला, फोन लांब धरला, मग जवळ धरला.

"हे निळं काय आहे?"

"टाकीचं झाकण."

"हे माझं जुनं झाकण आहे. बिजागरीचं. ते तडकलं म्हणून मी काढून टाकलं, त्याला सात आठवडे झाले. आता पत्र्याचं आहे, करड्या रंगाचं. मागच्या वेळेचा फोटो म्हणता तर माझं मेलेलं झाकण त्यात कुठून आलं?"

टीव्हीवर एक बाई फरशी पुसत होती, तिचाच काय तो आवाज.

अँटेनाभाऊंनी फोन हळूच परत घेतला. मला वाटलं आता ते उठून जातील. पण ते जागचे हलले नाहीत. मान खाली, डोळे त्या फोटोवर. मग त्यांनी विचारलं, अगदी वेगळ्या आवाजात, "नव्या झाकणाला बिजागरी नाही?"

"नाही. उचलून काढायचं."

"काढून ठेवता कुठे?"

"तुमच्या छत्रीला टेकवून. खाली ठेवायचं नाही, खालची घाण झाकणाला, झाकणाची पाण्याला. आपण तेच पाणी पितो."

"केव्हा काढता?"

"रोज साडेआठला नळाला पाणी येतं, मी मोटर लावते आणि वर जाते. टाकी भरली की झाकण घालून खाली येते. डोळ्यांनी भरलेली बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. फक्त मंगळवारी..."

"मंगळवारी पाणी येत नाही," मी म्हटलं.

अँटेनाभाऊंनी कपाळावर हात मारला. "पत्र्याचं झाकण छत्रीच्या तोंडासमोर! तासभर! आणि मी इथे कपाटं ओढतोय!"

"अगंबाई," मालकीणबाई म्हणाल्या. "पण ती वर तोंड करून असते ना? मी तर पुढून टेकवत होते. मला वाटलं, तिचं सगळं मागच्या वायरीतून चालतं."

"म्हणजे माझं प्रवचन तुम्ही अडवलंत," सासूबाई म्हणाल्या. "रोज. हातांनी."

"शुद्ध पाण्यासाठी अडवलं! तुम्हीच पिता ते!"

मालकीणबाईंचा राग अशा वेळी दुसरीकडे जायला बघतो, तसा तो परत अँटेनाभाऊंवर गेला. "आणि नवं झाकण तुम्हाला पहिल्याच दिवशी दिसलं असतं, वर चढला असतात तर! मी या वयात रोज चढते-उतरते, आणि तुम्ही कंपनीचा शर्ट घालून शिडीखाली उभे! वर जुने फोटो दाखवता! कंपनीला सांगते की नाही बघा."

"सांगा," अँटेनाभाऊ म्हणाले. "खरं आहे ते."

मी पाणी आणून दिलं. ते प्यायले आणि मग बोलले. फार नाही बोलले, पण जे बोलले ते असं.

एकोणिसाव्या वर्षापासून ते छपरांवर चढताहेत. पत्र्याची छपरं, कौलारू छपरं, शेवाळलेल्या टाक्या. कधी पाय घसरला नाही. आठ महिन्यांपूर्वी एका इमारतीच्या शिडीवर सहाव्या पायरीला असताना सगळं जग भिंगरीसारखं फिरलं. शिडी खाली आणि जमीन वर. त्यांनी डोळे मिटून पायरीला मिठी मारली ती अर्धा तास सोडली नाही. शेजारच्या गच्चीत एक बाई कपडे वाळत घालत होती, तिला वाटलं हे प्रार्थना करताहेत, म्हणून तीही गप्प राहिली. कसेबसे उतरले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरी चढायला गेले तर तिसऱ्या पायरीला पुन्हा तेच. तेव्हापासून तिसऱ्या पायरीच्या वर ते गेलेले नाहीत.

"दहातले नऊ बिघाड घरातच असतात, वहिनी. वायर, तोंड, डबा. ते मी झोपेत पण काढीन. दहाव्यासाठी खालून बघतो. छत्री सरळ उभी दिसली, वायर तुटलेली दिसली नाही, की समजायचं वर ठीक आहे. कुठे वॉचमन चढतो, कुठे घरातला कुणी चढतो, मी खालून सांगतो. आणि फोटो... अकरा वर्षं प्रत्येक छत्रीचे काढलेत. फोनमध्ये सगळे आहेत. तेच पाठवतो."

"कंपनीला सांगितलं नाहीत?"

"काय सांगू? छत्रीवाला, पण शिडी चढत नाही? पोहता न येणारा नावाडी ठेवतात का कुणी?"

"आणि घरी?"

"बायकोला पण नाही."

सासूबाई इतका वेळ गप्प होत्या, हे आमच्या घरात क्वचित घडतं. आता त्या म्हणाल्या, "बरं, झालं ते झालं. बिघाड सापडला ना? मग उद्या फोन आला की हिने सांगायचं, चढला होता. एवढ्याशा खोट्याला देव काही रागवत नाही. त्याला मोठी कामं असतात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मालकीणबाईसुद्धा.

मी खोटं बोलत नाही, असं म्हणणं मोठेपणाचं वाटतं, म्हणून मी तसं म्हणत नाही. पाहुण्याला 'त्रास कसला' म्हणते, आणि तेवढं खोटं माझ्याही तोंडून जातं. पण फोनवर कुणी सरळ विचारलं, हा माणूस वर चढला का, आणि मी हो म्हटलं, तर त्यानंतर देवासमोर बसून मी काय करू? शिवाय दुसरीही एक गोष्ट होती. मी हो म्हटलं की उद्या ते परत कुठल्या तरी शिडीखाली उभे. आज झाकण होतं. उद्या कुणी म्हणेल, चढ माझ्यासमोर, आणि भिडेपोटी चढतील.

"अँटेनाभाऊ," मी म्हटलं, "मला विचारलं तर मी नाही म्हणणार. तुम्ही वर गेला नाहीत असंच सांगणार. बिघाड तुम्हीच शोधलात हेही सांगणार. पण हो नाही म्हणणार."

"अगं, पोटावर पाय देतेस का त्याच्या!" सासूबाई ओरडल्या.

अँटेनाभाऊंनी हात वर केला. "राहू दे मावशी. माझ्या फोनमध्ये खोट्याचे शेकड्यांनी फोटो आहेत. आणखी एक खोटं वहिनींच्या नावावर कशाला?"

"फोन उद्या दहाच्या पुढे येईल," मी म्हटलं. "कार्यालय नऊला उघडतं ना? त्यांनी माझ्याकडून ऐकण्याआधी तुमच्याकडून ऐकू दे."

"बघतो," ते म्हणाले. पिशवी उचलली आणि चहा न घेता गेले. त्या दिवशी कंपनीला फोटो पाठवला नाही, एवढं मी पाहिलं.

मालकीणबाई दारात थांबल्या होत्या. "मी काही कंपनीला फोन-बिन करणार नाही," त्या म्हणाल्या. "मला तो नंबरसुद्धा माहीत नाही. झाकणाला उद्यापासून प्लास्टिकचं स्टूल ठेवते. धुतलेलं."

दुसऱ्या दिवशी साडेआठला वरून शिडीची खणखण ऐकू आली. सासूबाईंनी श्वास रोखला. प्रवचनकारांनी हात उचलला, बोलले, आणि हात खालीही आणला. तासभर चित्र हललं नाही. सासूबाई प्रसन्न होत्या. माझं मात्र एका शब्दाकडे लक्ष नव्हतं. नऊला मी अँटेनाभाऊंना फोन लावला तर बंद. सव्वानऊला बंद. साडेनऊला बंद. अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस फोन बंद करून कुठे जातो, याचे नको नको ते विचार मनात यायला लागले.

दहा वाजून दहा मिनिटांनी कंपनीचा फोन आला. देवाचं नाव घेतलं आणि उचलला. मुलीचा आवाज, गोड आणि घाईचा.

"मॅडम, तंत्रज्ञ वेळेवर आले होते का? हो की नाही?"

"हो."

"त्यांची वागणूक चांगली होती का?"

"फार चांगली."

"फक्त हो की नाही सांगा, मॅडम. बिघाड दूर झाला का?"

"हो."

"तंत्रज्ञांनी छत्रीपर्यंत जाऊन पाहणी केली का?"

सासूबाई खुर्चीतून माझ्याकडे डोळे वटारून बघत होत्या आणि मान वरखाली करत होत्या. हो म्हण, हो म्हण.

"नाही," मी म्हटलं. "पण हे बघा बाळ, बिघाड त्यांनीच शोधला. इथे खुर्चीत बसून शोधला. त्यांच्यासारखं दुसऱ्या कुणाला..."

"मॅडम, त्याला रकाना नाही."

"मग काढा एक रकाना."

"ते माझ्या हातात नाही, मॅडम. दहापैकी किती गुण द्याल?"

"दहा."

"छत्री पाहिली नाही आणि दहा?"

"दहा. लिहा."

फोन ठेवला. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज मोठा केला. हे बोलण्यापेक्षा वाईट. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. माझं झालं नाही.

पुढच्या दिवशी संध्याकाळी पाचला दार वाजलं. अँटेनाभाऊ. अंगात साधा पांढरा शर्ट. निळ्या शर्टाशिवाय मी त्यांना प्रथमच पाहत होते, आणि गळ्यात ओळखपत्र नव्हतं.

"गेलं का?" मी दारातच विचारलं.

"आत तर येऊ द्या. आज चहा घेणार आहे."

ते बसले. सासूबाईंनी टीव्हीचा आवाज बंद केला. हा मान त्या फार थोड्यांना देतात.

काल सकाळी नऊला ते कार्यालयाच्या दारात होते. फोन बंद केला होता, कारण मध्येच कुणाचा आला असता तर पाय मागे फिरले असते, असं त्यांचंच म्हणणं. साहेब वयाने त्यांच्या मुलासारखे. त्यांनी सगळं सांगितलं, शिडी, चक्कर, फोटो. साहेब बराच वेळ पेन फिरवत राहिले. मग म्हणाले, जुने फोटो पाठवले म्हणजे कंपनीला फसवलंत, याला मी काही करू शकत नाही, ओळखपत्र द्या. यांनी काढून दिलं. दहा-सव्वादहाला साहेबांच्या पडद्यावर आमचं उत्तर आलं. पाहणी, नाही. गुण, दहा. साहेबांनी विचारलं, हे काय आहे? यांनी झाकणाची हकिगत सांगितली.

"साहेब हसले?" सासूबाईंनी विचारलं.

"हसले. मग गंभीर झाले. म्हणाले, हे उत्तर तुमच्या आधी आलं असतं तर आज मी तुम्हाला आत पण घेतलं नसतं."

फिरतीचं काम गेलं ते गेलंच. शर्ट परत करायचा आहे. पण तक्रारी घेणाऱ्यांच्या खोलीत एक जागा आहे. फोनवर लोक बोलतात, तिथे बसलेल्यांना वायर कशी दिसते तेही माहीत नसतं. सोमवारपासून तीन महिने तिथे बसवून बघू, असं साहेब म्हणाले. तीन महिन्यांनंतरचं काही नक्की नाही.

"खोलीत बसायचं?" सासूबाई म्हणाल्या. "तू? तुझे पाय टेबलाखाली मावतील का?"

"तेच बघून आलो. नाही मावत. आडवे ठेवावे लागतील."

"आणि घरी सांगितलंत?" मी विचारलं.

"परवा इथून गेलो ते आधी घरीच गेलो. तिला सांगितलं. ती म्हणाली, मला माहीत आहे. म्हटलं, कसं काय? म्हणाली, आठ महिने झाले, माळ्यावरचा डबा काढायला सांगितला की तुम्ही शेजारणीच्या नवऱ्याला हाक मारता. मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, तुम्ही बोलायची वाट बघत होते." चहाचा कप त्यांनी दोन्ही हातांत धरला होता. "आज सकाळी तीच मला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. तोल कानात असतो म्हणे, पायांत नसतो. हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं."

डॉक्टरांनी मानेचे व्यायाम दिले आहेत. बिछान्यावर बसून मान एका बाजूला वळवायची, आडवं व्हायचं, तीस अंक मोजायचे, मग दुसऱ्या बाजूला. अंक बायको मोजते. ती मुद्दाम सावकाश मोजते, अशी त्यांची तक्रार.

"ही नोंदवली का कंपनीत?" सासूबाईंनी विचारलं.

तेव्हा ते मनापासून हसले.

चहा संपल्यावर मी विचारलं, बरं झाल्यावर परत शिडी चढता येईल का? ते म्हणाले, डॉक्टरांनी चढायचं नाव काढलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. मग त्यांनी पिशवी उचलली. आत पक्कड, वायरचं भेंडोळं, जुनी तोंडं असं सगळं अजून होतंच. बायको उद्या ही पिशवी रिकामी करणार आहे म्हणाले, आणि जिना उतरून गेले.